रंग जुळले म्हणून वायर जोडू नका: मोठ्या मॉडेल रेल्वेची जोडणी आणि सुटे भाग

एलजीबी या मोठ्या मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपनीच्या, वडिलांच्या जुन्या इंजिनात मी पहिल्यांदा डिजिटल डीकोडर (रुळातून आलेल्या आज्ञा ऐकून मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट) बसवायला घेतला, तेव्हा इंजिनाच्या पोटातून चार वायरी बाहेर आल्या होत्या: पांढरी, तपकिरी, पिवळी आणि हिरवी. डीकोडरलाही पांढरी, पिवळी आणि हिरवी वायर होतीच. मी पांढरीला पांढरी, पिवळीला पिवळी आणि हिरवीला हिरवी जोडली, उरलेली तपकिरी लालला जोडून टाकली. रुळावर ठेवून वेग वाढवला, इंजिन हललं नाही. दिव्याचं बटण दाबलं आणि क्षणात जळक्या प्लास्टिकचा वास आला.

का जळलं, ते मला नंतर मल्टिमीटर घेऊन बसल्यावर कळलं. एलजीबीच्या मोटर ब्लॉकमध्ये (मोटर, गिअर आणि चाकं एकत्र असलेल्या भागात) पांढरी आणि तपकिरी या रुळाकडून येणाऱ्या वायरी असतात, पिवळी आणि हिरवी मोटरकडे जातात. डीसीसी (डिजिटल आज्ञांनी गाड्या चालवायची सामाईक पद्धत) डीकोडरचे रंग एनएमआरए या अमेरिकन संघटनेच्या शिफारशीनुसार असतात, आणि तिथे पांढरी म्हणजे पुढचा दिवा, पिवळी म्हणजे मागचा दिवा, हिरवी म्हणजे पहिलं जादा फंक्शन (धूर किंवा आवाजासारखं). म्हणजे मी एका रुळाचा वीजपुरवठा थेट पुढच्या दिव्याच्या ट्रान्झिस्टरवर आणून सोडला होता. दिवा बंद होता तोवर तो तग धरून राहिला. बटण दाबताच तो सुरू झाला आणि त्याच्यातून शॉर्ट झाला.

तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक इंजिनाला माझा एकच नियम असतो. रंग हा फक्त अंदाज. खात्री मीटर देतो. पुढे जे लिहिते आहे ते ४५ मिलिमीटर रुळावर चालणाऱ्या, बागेत किंवा मोठ्या खोलीत मांडल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल आहे, आणि बहुतेक गोष्टी या नियमातूनच निघतात.

तीन घराण्यांचे रंग

एनएमआरएच्या पद्धतीत लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, हिरवी आणि जांभळी पहिल्या दोन जादा फंक्शनना जाते. निळी ही सगळ्या दिव्यांची सामाईक धन वायर. मार्क्लिन या दुसऱ्या मॉडेल रेल्वे कंपनीच्या पद्धतीत लाल आणि तपकिरी या रुळाकडच्या. पण मोटरच्या वायरी निळी आणि हिरवी, सामाईक वायर नारिंगी, पुढचा दिवा करडा, मागचा पिवळा. एलजीबीची पद्धत वर सांगितलीच.

आता हे तिन्ही शेजारी ठेवून पाहा. नारिंगी वायर एका ठिकाणी मोटरची, दुसऱ्या ठिकाणी दिव्यांची सामाईक. निळीचं नेमकं उलट. हिरवी दोन ठिकाणी मोटरची आणि तिसऱ्या ठिकाणी धूर किंवा आवाजाच्या फंक्शनची. एलजीबी २००७ मध्ये मार्क्लिनकडे गेली, त्यामुळे जुनं इंजिन आणि नवा सुटा भाग एकाच नावाच्या डब्यातून आले तरी दोघांनी एकच पद्धत पाळली असेल असं गृहीत धरू नका. त्यात भर म्हणजे इंजिन आधी कुणीतरी उघडलेलं असतं आणि हाताशी होती ती वायर लावलेली असते. जुन्या इंजिनात मी मोटरच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची वायरही पाहिली आहे.

मीटरनं ओळख कशी पटवायची

इंजिन उलटं करून मऊ कापडावर ठेवा. आधी सगळे बल्ब आणि धूर यंत्र काढून घ्या. हे विसरू नका, कारण थंड बल्बचा रोध इतका कमी असतो की मीटर ‘जोडलं आहे’ म्हणून शिट्टी वाजवतो आणि तुम्ही दिव्याच्या वायरीला रुळाची वायर समजून बसता.

मीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक उजव्या बाजूच्या धातूच्या चाकावर धरा आणि दुसरं एकेका वायरीला लावत जा. शिट्टी वाजेल ती उजव्या रुळाची. मग डाव्या बाजूचं तसंच. रबर टायर असलेल्या चाकावर टोक ठेवलं तर काहीच वाजणार नाही, तेव्हा साधं चाक निवडा. एलजीबीच्या इंजिनांना चाकांच्या मधे रुळावर घासत जाणारे स्लायडर असतात, त्यांच्यावरही एकदा टोक ठेवून पाहा. तिथे शिट्टी वाजली आणि चाकावर नाही, तर वायर बरोबर आहे, कार्बन ब्रश संपले आहेत.

उरलेल्या दोन वायरी मोटरच्या. त्यांच्यात मीटर ओहमवर लावा, काही ओहम दिसतील. मोटरचा दांडा बोटानं हळूच फिरवला की आकडा वरखाली होतो. अशी हालचाल बल्बमध्ये किंवा रेझिस्टरमध्ये कधी दिसत नाही, म्हणून मोटर ओळखण्याची ही खूण मी सगळ्यात विश्वासाची मानते. चाकं फिरवायचा प्रयत्न करू नका. वर्म गिअर असल्यामुळे ती फिरणार नाहीत आणि जोर लावलात तर दाते जातील.

आता डीकोडरचं आयुष्य ठरवणारी तपासणी. रुळाच्या प्रत्येक वायरीपासून मोटरच्या प्रत्येक वायरीपर्यंत, अशा चारही जोड्यांमध्ये मीटर लावा. एकही शिट्टी वाजता कामा नये. वाजली तर मोटर अजून थेट रुळाशी जोडलेली आहे. डिजिटलसाठी न बनवलेल्या जुन्या ब्लॉकमध्ये ब्रशकडून येणारी पितळी पट्टी सरळ मोटरच्या टोकाला टेकलेली असते. बाहेर दोनच पिना दिसत असतील तर बहुतेक वेळा आत हीच रचना असते. अशा ब्लॉकचं खालचं झाकण उघडा, मोटर उचला, पट्टीचा टेकणारा तुकडा कापा किंवा हीट-श्रिंक नळीनं झाका, मोटरच्या टोकांना दोन नव्या वायरी सोल्डर करून बाहेर आणा. झाकण लावल्यावर चारही जोड्या पुन्हा तपासा. झाकणाचा स्क्रू आवळताना पट्टी सरकून परत टेकल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

दिव्यांचंही असंच. अनेक इंजिनांत दिव्याची एक बाजू इंजिनाच्या वजनाच्या लोखंडाला किंवा थेट एका रुळाच्या पट्टीला जोडलेली असते. डीकोडर लावताना ती बाजू सोडवून सामाईक निळ्या वायरीला न्यावी लागते.

करंट आणि व्होल्टेज

डीकोडर निवडताना दुकानदार स्केल विचारतो. तुम्ही त्याला अँपिअर सांगा. साध्या डीसी पुरवठ्यावर, तुम्ही वापरणार असाल त्या व्होल्टेजला, मीटर १० अँपिअरच्या पट्टीवर एका वायरीत घाला. इंजिन रुळावर दाबून चाकं थांबवा आणि एका सेकंदात आकडा वाचून सोडा. जास्त वेळ धरलंत तर मोटर आणि गिअर दोन्हींवर ताण येतो. हा अडलेल्या मोटरचा करंट. दोन मोटर ब्लॉक असतील तर दोघांचा मिळून धरा. त्यात धूर यंत्र आणि दिव्यांचा करंट मिळवा आणि डीकोडर त्याहून चांगला मोठा घ्या. लहान स्केलचा एक अँपिअरचा डीकोडर इथे पहिल्याच चढावर जातो.

बल्बच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान ५ व्होल्टच्या बल्बमुळे होतं. काही इंजिनांत छोट्या सर्किटवर दिव्यांसाठी ५ व्होल्ट तयार केलेले असतात, काहींत बल्ब थेट १८ किंवा २४ व्होल्टचा असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. धूर यंत्रातही ५ व्होल्टचं आणि १८ ते २४ व्होल्टचं असे वेगळे प्रकार मिळतात. खूण नसेल तर बदलता येणाऱ्या पुरवठ्याला जोडून शून्यापासून हळूहळू वर चढा. बल्ब ५ व्होल्टवर नेहमीच्या उजेडानं पेटला तर तो ५ चा. २४ चा बल्ब ५ व्होल्टवर जेमतेम लालसर होतो. बल्बऐवजी एलईडी लावायचा असेल तर रेझिस्टर हवाच. रुळावर २० व्होल्ट, पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट, उरले १७. १० मिलिअँपिअरसाठी १७०० ओहम येतात, म्हणून बाजारात मिळणारा १.८ किलोओहमचा पाव वॉट रेझिस्टर लावा.

दोन इंजिनं एकमेकांना ओढतात तेव्हा

साध्या डीसीवर दोन वेगळ्या कंपन्यांची इंजिनं एकाच गाडीला लावली आणि ती रस्सीखेच करू लागली, तर दोन्ही निर्दोष असू शकतात. एनएमआरएच्या नियमानुसार उजवा रूळ धन असला की इंजिन पुढे जातं. एलजीबीची परंपरा याच्या उलट आहे. बॅकमन कंपनीच्या मोठ्या इंजिनांना यासाठीच खाली एक खटका दिलेला असतो, त्याच्या एका बाजूला एनएमआरए आणि दुसऱ्या बाजूला लार्ज स्केल. खटका नसेल तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दिशेनुसार पेटणारे दिवे असतील तर रुळाकडच्या दोन वायरी बदलणं सोपं, म्हणजे दिवेही बरोबर वळतात. डीकोडर असेल तर सोल्डरला हातच लावू नका, सीव्ही २९ मध्ये (डीकोडरमधल्या २९ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये) १ मिळवा किंवा वजा करा. डिजिटलवर इंजिनाची पुढची-मागची दिशा त्यानं उलटते. साध्या डीसीवर धावताना मात्र दिशा रुळाची ध्रुवता ठरवते, तिथे वायरीच बदलाव्या लागतात.

डिजिटलमध्ये आणखी एक तक्रार वारंवार येते: वेग वाढवत नेला की पुढचा दिवा लागतो आणि विझतो. वायर सैल आहे असं वाटतं. खरं कारण असं की कमांड स्टेशन (आज्ञा पाठवणारं यंत्र) २८ वेगपायऱ्यांत बोलतं आणि डीकोडर १४ मध्ये ऐकतो. एलजीबीची जुनी एमटीएस ही डिजिटल यंत्रणा १४ पायऱ्यांची होती, म्हणून या गाड्यांत हे जास्त दिसतं. सीव्ही २९ मधला २ किमतीचा बिट बदला, दिवा स्थिर होईल. याच जुन्या यंत्रणेत फंक्शन मोजून पाठवली जात. पाचवं फंक्शन हवं तर पहिल्याचे पाच ठोके. असं इंजिन नव्या स्टेशनवर फक्त पहिल्या बटणाला ओ देत असेल तर ते बिघडलेलं नाही. स्टेशनमध्ये त्या इंजिनासाठी सिरियल फंक्शनची सोय असेल तर ती लावा, नसेल तर पहिलं बटण तितक्या वेळा दाबा.

रुळापर्यंतची वायर आणि सांधे

घंटीची बारीक वायर पहिल्या मीटरभर चालते आणि बागेच्या टोकाला इंजिन मरगळतं. हिशोब पाहा. २० मीटर लांबवर जायचं म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध जवळजवळ एक ओहम. ५ अँपिअर ओढले की साडेचार व्होल्टच्या वर वायरीतच गेले. २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर तोच तोटा दीड व्होल्टच्या आत येतो. व्होल्टेज मोजायचं ते इंजिन चालू असताना. रिकाम्या रुळावर मीटर नेहमी पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि फसवतो. मग सगळ्यात लांबच्या जागी दोन्ही रुळांवर एक धातूची पट्टी आडवी ठेवा. बूस्टर (रुळाला डिजिटल वीज पुरवणारं यंत्र) तत्काळ बंद पडलाच पाहिजे. पडला नाही तर मधले जोड सैल आहेत, आणि खरा शॉर्ट झाला त्या दिवशी तो करंट इंजिनाच्या चाकांतून आणि वायरींतून वाहत राहील.

एलजीबीच्या सांध्यांच्या (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांच्या) ईपीएल यंत्राला दोन वायरी असतात, नारिंगी आणि पांढरी. इंजिनातल्या पांढरीशी हिचं काही नातं नाही. हे यंत्र एसीच्या अर्ध्या लहरीवर चालतं: धन अर्धा आला तर सांधा एका बाजूला, ऋण अर्धा आला तर दुसऱ्या. लहान स्केलच्या तीन वायरींच्या सांधा यंत्राचा खटका इथे चालत नाही. डायोड घातलेला, दाबल्यावर परत उठणारा खटका लागतो. वीज सतत चालू राहिली तर गुंडाळी जळते, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

सुटे भाग: नंबर शोधण्याआधी कॅलिपर काढा

४५ मिलिमीटर रुंदीचा रूळ पाहून सगळं एकाच मापाचं असेल असं वाटतं. १:२२.५ हे मीटर गेजच्या गाड्यांचं प्रमाण, १:३२ हे स्टँडर्ड गेजचं, १:२०.३ हे तीन फुटी नॅरो गेजचं, आणि अमेरिकन बाजारात १:२९ सुद्धा रुळलं. रूळ एकच, पण चाकाचा व्यास, डबे जोडणाऱ्या आकड्याची उंची, डब्याची रुंदी वेगळी. एलजीबीचा सर्वात लहान वळणाचा रूळ ६०० मिलिमीटर त्रिज्येचा, बारा तुकड्यांत वर्तुळ पूर्ण होतं. १:२०.३ चं लांब इंजिन त्यावर जाणार नाही, मग आकडा कितीही जुळवा. चाकांची जोडी घेताना तीन मापं घ्या: चाकाच्या आतल्या पाठींमधलं अंतर, जे साधारण ४० मिलिमीटर असतं, आसाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, आणि टोकाचा व्यास. अंतर कमी-जास्त असलं की गाडी सरळ रुळावर धावते आणि सांध्यावर घसरते.

अ‍ॅरिस्टो-क्राफ्ट या कंपनीचा कारभार २०१३ च्या अखेरीस बंद झाला. तिच्या गाड्या अजून भक्कम धावतात, पण नंबर देऊन भाग मागवायला तो कारखाना आता नाही. अशा वेळी तुटलेल्या गिअरचं माप घेता आलं पाहिजे, आणि ते अवघड नाही. दाते मोजा, बाहेरचा व्यास मोजा, व्यासाला दाते अधिक दोननं भागा. १४ दाते आणि ८.० मिलिमीटर व्यास असेल तर ८ भागिले १६, म्हणजे मॉड्यूल (दात्याचं माप) ०.५. दात्यांची संख्या विषम असेल तर दोन दात्यांची टोकं समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे कॅलिपर किंचित कमी दाखवतो. गिअर चिरलेला असेल तर व्यास फुगलेला असतो, म्हणून शक्य असेल तर त्याच इंजिनातल्या दुसऱ्या आसावरचा धड गिअर मोजा.

चिरलेल्या गिअरची खूण कानाला कळते. चाकाच्या दर फेऱ्याला एकदा, ठरावीक जागी ‘टक्’ होतं. धातूच्या आसावर घट्ट दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर वर्षानुवर्षं ताणात राहतो आणि एक दिवस उकलतो. त्याला गोंद लावण्यात वेळ घालवू नका, पहिल्या जड गाडीला तो पुन्हा फिरतो. नवा घेताना भोकाचा व्यास आसाच्या गुळगुळीत भागावर मोजा, खरबरीत केलेल्या पट्ट्यावर नाही. वाफेच्या इंजिनाची चाकं काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या क्रँकच्या जागा फोटो काढून, मार्करनं रेघ ओढून ठेवा. त्यांच्यातला काटकोन चुकला तर दांडे अडकतात आणि गिअर नवा असूनही इंजिन लंगडतं.

कार्बन ब्रश एलजीबीत लांब आणि आखूड असे दोन प्रकारचे येतात. जुना ब्रश झिजलेला असल्यामुळे त्याच्यावरून लांबी ठरवू नका, ब्रश बसतो त्या घराची खोली मोजा. नवा ब्रश घरात स्वतःच्या वजनानं घसरला पाहिजे. अडकत असेल तर आत काळा चिकटा साचला आहे, तो आधी साफ करा. रबर टायर खाचेच्या व्यासापेक्षा किंचित लहान घ्या. जाड टायर बसवला तर ते चाक उंच होतं, शेजारची चाकं रुळावरून उचलली जातात आणि वीज मिळेनाशी होते. मग लोक डीकोडरवर संशय घेतात.

मोटर बदलताना व्होल्टेज सगळे पाहतात. त्याबरोबर दांड्याचा व्यास, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली लांबी आणि मोटरच्या डब्याचा व्यास लिहून घ्या. वर्म हातोड्यानं काढू नका, छोट्या पुलरनं ओढा. आणि बसवताना जुन्या मोटरवर तो टोकापासून किती अंतरावर होता ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेलं असू द्या.

प्लगांचं थोडं सांगते. जेएसटी या प्लग बनवणाऱ्या कंपनीच्या एक्सएच मालिकेत पिनांमधलं अंतर २.५ मिलिमीटर, पीएचमध्ये २, आणि सर्किटवरच्या साध्या पिनांत २.५४. दोन-तीन पिनांपर्यंत २.५ आणि २.५४ एकमेकांत खपून जातात. दहा पिनांपर्यंत ०.३६ मिलिमीटरचा फरक साचतो, प्लग तिरका बसतो आणि कडेची पिन कधी लागते, कधी नाही. प्लग बसला तरी पिनांचा क्रम तोच आहे असं मानू नका. टेंडर (इंजिनामागचा कोळशाचा डबा) आणि इंजिनामधला प्रत्येक प्लग मी दोन्ही बाजूंनी मीटरनं वाचते आणि मगच जोडते.

सगळं जोडून झालं की पहिली वीज थेट बूस्टरमधून देऊ नका. रुळाच्या एका वायरीत मोटारगाडीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घाला. कुठे शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटेल आणि करंट त्याच्यातच अडेल, डीकोडर वाचेल. अंधारा राहिला किंवा मंद उजळला तर डीकोडरचा पत्ता (त्याचा क्रमांक) वाचून पाहा, पुढचा दिवा लावा, पहिली पायरी द्या. मगच बल्ब काढा.

शेवटी इंजिनाच्या तळाला आतून एक चिठ्ठी चिकटवा. माझ्या चिठ्ठीवर एवढं असतं: कोणती वायर कशाला, अडलेल्या मोटरचा करंट, बल्बचे व्होल्ट, गिअरचे दाते आणि मॉड्यूल, ब्रशची लांबी, टायरचा व्यास, डीकोडरचा पत्ता आणि तारीख. वडिलांच्या इंजिनात आता अशा तीन चिठ्ठ्या आहेत. पहिलीवर त्यांच्याच अक्षरात फक्त ‘ब्रश बदलले’ एवढं आहे. ती मी काढलेली नाही.